न मिटणारा चाकू

१

"काय कापायचं?" दुकानदाराने विचारलं.

"दोरी."

"निवांत की घाईत?"

चाकूच्या दुकानात असलं काही विचारतात हे मला माहीत नव्हतं. मी जरा थांबून म्हणालो, "घाईत."

त्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि काउंटरवर मांडलेल्या चाकूंपैकी निम्मे उचलून परत खणात टाकले. हा नुसता मिरवायला, तो फळं कापायला, हा हौशी लोकांसाठी. म्हातारा बोलका होता आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणजे माझी सुटका नव्हती. टोकदार पात्याचा एक चाकू मला आवडला होता. तोही त्याने माझ्या हातातून काढून घेतला.

"दोरीखाली कधीकधी माणूस असतो," तो म्हणाला. "घाईत टोक त्यालाच लागतं. तुम्ही बोथट टोकाचा घ्या. हा बघा."

लहानसा चाकू होता. पातं चार बोटं, मूठ त्याहून किंचित मोठी. यापेक्षा लांब घेतला तर बसताना कमरेला बोचतो, असं त्याचं म्हणणं.

"पोलाद या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आहे. वरून दोन लाकडी पट्ट्या ठोकल्यात, बस. सांधा नाही, कळ नाही, स्प्रिंग नाही. बिघडायला आत काही ठेवलेलंच नाही. म्यानातून काढला की कापायला तयार. हा मिटतच नाही, मग उघडायचा प्रश्न येतोच कुठे?"

त्याला काही माहीत नव्हतं. तो आपला माल खपवत होता.

मी चाकू हातात धरला. मूठ तळव्यात नीट बसली, अंगठा आपोआप पात्याच्या पाठीवर गेला. आणखी बघण्यासारखं काही नव्हतं.

"घेऊ ना हा?" मी विचारलं.

"मला काय विचारता? कंबर तुमची."

ही माझी जुनी खोड. पाणी पिण्याआधी 'पिऊ का' म्हणून विचारणारा माणूस आहे मी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यावरून माझी फार खेचायचा. "एक दिवस श्वास घेऊ का हेही विचारशील," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

दादा आणि मी एकाच गोदामात कामाला. तीन महिन्यांपूर्वी तो तिथेच गेला. दोरीत अडकला, मी दोन हातांवर उभा होतो, आणि माझा घडीचा चाकू ऐन वेळी उघडला नाही. चौकशीच्या कागदावर असंच लिहिलंय. त्यावरून नियम निघाला, की यापुढे गोदामात घडीचे चाकू बंद. प्रत्येकाने कमरेला लहान, सरळ, न मिटणारा चाकू लावायचा. चाळीस माणसं माझ्यापायी दुकानं हिंडली आणि एकानेही मला शिवी दिली नाही. उलट येऊन पाठीवर हात ठेवला. त्या हातांचाच जास्त त्रास झाला.

कारण माझा चाकू उघडला होता. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि सगळ्या जगाला कळलं तरी चालेल, वहिनीला कळता कामा नये.

२

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मी, आतल्या खोलीत आधी दादा-वहिनी आणि आता नुसती वहिनी. माझं लग्न झालं नाही. विचारायची वेळ आली ती एकदाच, आणि तेव्हा मी कुणाला तरी 'विचारू का' असं विचारत बसलो. तेव्हापासून हेच माझं घर आणि वहिनीच माझी माणसं.

वहिनी घरी बसून शर्टांची काजं करते. एका काजाला इतके टाके म्हणजे इतकेच. एक कमी झाला तर दुकानवाला शर्ट परत पाठवतो. त्यामुळे तिच्या ओठांवर सतत आकडे असतात. भाजी निवडताना, दार उघडताना, मध्येच 'चौदा' म्हणते आणि आपल्यालाच वाटतं की आपलं काही चुकलं. "हिने लग्नाला हो म्हणण्याआधी मला मोजून घेतलं होतं," असं दादा सांगायचा.

जेवायचं टेबल आतल्या खोलीच्या तोंडाशी आहे. तीन खुर्च्या. खिडकीकडची दादाची. ती कुणी हलवत नाही.

"बघू," नवा चाकू पाहून वहिनी म्हणाली. तिने तो म्यानातून काढला, धारेवरून आडवा अंगठा फिरवला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. "हा तेव्हा असता, तर."

मी बुटांकडे बघत राहिलो.

"तुम्ही कशाला मान खाली घालता, भाऊजी? तुम्ही जिवाचं रान केलंत. त्या मेल्या चाकूने घात केला."

हे ती शेजारणीला सांगते, शर्ट न्यायला येणाऱ्या माणसाला सांगते, समाचाराला आलेल्या प्रत्येकाला सांगितलंय. माझ्या दिराने जिवाचं रान केलं. मग माझ्या ताटात आधी वाढते. मी खातो. लाज वाटते आणि तरी खातो, कारण ताट नाकारलं तर का ते सांगावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्यात म्यान ओवलं, चाकू उजव्या कमरेला लावला आणि बुटाची नाडी बांधायला वाकलो.

टक.

लहान, स्वच्छ आवाज. कमरेपाशी. मी वाकलेलाच राहिलो. गुडघा असेल. सत्तेचाळीसाव्या वर्षी गुडघे वाजतात. म्यानाचं बटण असेल. पण म्यानाला बटण नव्हतं. पट्ट्याचं बक्कल असेल. मी एकेक कारण काढत होतो आणि प्रत्येक कारण काढताना मला ठाऊक होतं की हा आवाज मी बावीस वर्षं रोज ऐकलाय. घडीच्या चाकूचं पातं पूर्ण उघडलं, कळ जागेवर बसली, की असा आवाज येतो. मिटताना वेगळा येतो, जरा जाड.

आत वहिनीचे आकडे चालू होते. मी दोन्ही नाड्या बांधल्या, उठलो, टेबलावरचा डबा उचलला.

ठप्प.

मिटला. मी म्यानाला हात लावला. मूठ बाहेर, पातं आत, सगळं जिथल्या तिथे. सांधा नसलेली वस्तू मिटणार कुठून? मी स्वतःला शिवी दिली आणि कामाला गेलो.

३

गोदामात माझ्याबरोबर जोडीला असतो त्याला सगळे तबला म्हणतात. खोकं असो, टेबल असो की कुणाचं डोकं, बोटं वाजवल्याशिवाय त्याला उभं राहता येत नाही. चौथ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्याची बोटं एकदम थांबली.

"तू अजून तो जुना बाळगतोस?" तो हळूच म्हणाला. "वेडा आहेस का? मुकादम बघेल."

"कुठला जुना?"

"घडीचा. आत्ता उघडलास की."

मी दोन्ही हात वर करून दाखवले; एका हातात चहाचा पेला होता. मग नवा चाकू काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो फिरवला, वाकवून पाहिला, खोक्यावर आपटला. हसला आणि म्हणाला, "माझेच कान गेलेत." पण दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या उजव्या बाजूला उभा राहीना.

म्हणजे आवाज माझ्या डोक्यात नव्हता. खरं तर हे कळल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटत होतं की मी वेडा झालो असतो तर फार सोपं झालं असतं.

मी चाकू घेऊन दुकानात गेलो. म्हाताऱ्याने न कुरकुरता मुठीच्या पट्ट्या काढून दाखवल्या. आत अखंड पोलाद. सांध्याचं सोडा, चीरसुद्धा नव्हती.

"वाजतो म्हणता?"

"हो."

"कधी?"

"सकाळी. आता दिवसाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. वेड्याकडे बघतात तसं नाही. चाकूपेक्षा मलाच दुरुस्तीची गरज आहे असं काहीतरी त्याच्या नजरेत होतं. त्याने चाकू बदलून दिला. या दुसऱ्याला लाकूडही नव्हतं. एकाच पोलादी पट्टीचं पातं आणि मूठ, मुठीवर नुसती दोरी गुंडाळलेली. "याच्यात वाजायला जागाच नाही," तो म्हणाला.

सकाळी वाकलो. टक. मग शांतता. मग ठप्प.

या वेळी मी उभा राहून ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की मला भीती त्या दोन आवाजांची नाहीच. भीती मधल्या वेळाची आहे.

४

आता खरं काय झालं ते सांगून टाकतो. इथे सांगायला हरकत नाही. ऐकून कुणी माझं ताट काढून घेणार नाही.

क्रेनने मोठं खोकं उचललं की ते गिरकी घेतं. घेऊ नये म्हणून त्याला एक दोर बांधतात आणि खाली एक माणूस तो धरून चालतो. आम्ही त्याला लगाम म्हणतो. त्या दिवशी लगाम दादाकडे होता. खोकं जड होतं म्हणून त्याने दोराचा एक वेढा खांबाला दिला होता. सगळेच तसं करतात. क्रेनचं बटण अडकलं आणि थांबायच्या जागी खोकं पुढेच सरकत राहिलं. दोर ताणला. दादा खांब आणि दोर यांच्यामध्ये सापडला. दोर छातीवरून गेला होता.

माझा हात खिशात गेला, चाकू बाहेर आला आणि उघडला. टक. लोण्यासारखा उघडला. मी त्याला दर आठवड्याला तेल द्यायचो.

खांबाच्या वर पाटी आहे: लगाम कापण्याआधी मुकादमाला विचारावे. लगाम कापला की खोकं वेड्यासारखं फिरतं. मागे एकाने न विचारता कापला होता. खोकं भिंतीवर जाऊन फुटलं आणि त्या माणसाला त्याच दुपारी घरी पाठवलं. त्याला जाताना मी पाहिलं होतं.

मी वर केबिनकडे पाहिलं. काचेमागे मुकादम पाठमोरा उभा होता, फोनवर बोलत.

दादा म्हणाला, "काप."

ओरडला नाही. ओरडायला छातीत हवा लागते. जेवताना मीठ मागावं तसं म्हणाला. आणि मी केबिनकडे बघत राहिलो. आता वळेल, आता मान हलवेल, की कापतो. पातं दोरीपासून वीतभर होतं. ती वीत मी कुणाच्या तरी मानेवर सोपवली होती.

मुकादम वळला. त्याने मान हलवली की नाही हे मला आजही आठवत नाही. कुणीतरी मुख्य खटका पाडला, माणसं धावली, आणि पहिला माणूस पोहोचायच्या आत माझ्या हाताने चाकू मिटला. ठप्प. मी हाताला सांगितलं नव्हतं. उभ्या जन्मात न विचारता केलेली ती माझी एकच गोष्ट. मग मिटलेला चाकू दोन्ही हातांत धरून मी सगळ्यांना दाखवत सुटलो. उघडत नाही, बघा, उघडतच नाही.

चौकशी मुकादमानेच लिहिली. त्याला त्याच्या फोनचा उल्लेख नको होता, मला माझ्या चाकूचा. उंदराला मांजर साक्ष. 'पाते गंजलेले' असं लिहून त्याने चाकू न बघताच पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवलं.

मधला वेळ किती होता? तीन सेकंद. मी स्वतःला पहिल्या दिवसापासून तीनच सांगत आलोय. तीन सेकंदांत कोण काय करणार?

५

सुट्टीच्या दिवशी दुपारी वहिनी शर्ट पोचवायला बाहेर गेली. मी ठरवलं, आज छडा लावायचा. चाकू म्यानातून काढून टेबलावर ठेवला. म्यान वेगळं, बाजूला. खिडकीतून ऊन येत होतं आणि ते पात्यावर पडलं होतं. मी समोर बसलो.

अर्धा तास गेला. चाकू चाकूसारखा पडून होता. मला हसू आलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते हेच. मी खाल्लं होतं, माझा घसा खवखवत होता, चाकूचा काय दोष?

तहान लागली. उठलो. "पाणी घेऊ का?" मी म्हणालो. घरात कुणी नव्हतं. सवयीने तोंड दादाच्या खुर्चीकडे झालं होतं.

मी माठात पेला बुडवला आणि पाठीमागे टेबलावर वाजलं. टक.

वळायला हवं होतं. मी त्याचसाठी तर बसलो होतो. पण मान वळेना. पेला माठातच राहिला. पाठीमागे कुणी चालत नव्हतं, कुणी श्वास घेत नव्हतं. नुसतीच वाट बघणं चालू होतं. कोण कुणाची वाट बघतंय ते मात्र कळत नव्हतं. मग खुर्चीचं लाकूड अगदी थोडं कुरकुरलं, कुणी छातीने मागे रेलल्यासारखं, आणि मग ठप्प.

वळलो.

टेबलावर मूठ होती. नुसती मूठ. दोरी गुंडाळलेला आखूड तुकडा, दोन्ही टोकं गोल, बंद. जिथे पातं होतं तिथे टेबलाचं लाकूड आणि त्यावर ऊन.

मी एक पाऊल पुढे टाकलं. पापणी लवली असेल. पातं जागेवर होतं, चार बोटं, चकचकीत. त्याच्यावरचं ऊन किंचित हलत होतं, जसं आत्ताच कुणी त्याला हात लावून सोडलं असावं.

दारात वहिनी उभी होती. रिकामी पिशवी खांद्यावर आणि हातात एक कागदी पुडकं. ती केव्हापासून उभी होती ते मी विचारलं नाही.

६

"गोदामातून निरोप आला होता," ती म्हणाली. "यांच्या वस्तू घेऊन जा म्हणून. येताना घेऊन आले."

तिने माझा नवा चाकू बाजूला सारला आणि पुडकं सोडलं. दादाचं घड्याळ. कंगवा. चष्म्याचं घर, आत चष्मा नव्हता. आणि सगळ्यात खाली चिकटवलेलं पाकीट.

"हे तुमचं," ती म्हणाली, पण मला दिलं नाही. पदराला टोचलेली सुई काढून तिने पाकिटाची कड उसवली, नेहमी शिवण उसवते तशी, आणि चाकू तळहातावर घेतला. तीन महिने तेल नाही, पाणी नाही. तिने पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं.

टक.

"हा तर उघडतो, भाऊजी."

"आता उघडत असेल," मी म्हणालो. "कुणीतरी तेल घातलं असेल."

"चिकटवलेल्या पाकिटात?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. ती खुर्चीवर बसली, स्वतःच्या.

"तुम्ही नवा चाकू आणलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी ऐकतेय. आधी वाटलं, जुनाच परत मिळाला तुम्हाला. हा आवाज मी ओळखणार नाही का? लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात वाजतोय. आधी उघडतो. मग काही नाही. मग मिटतो. आणि माझी ही घाणेरडी सवय. न मोजता राहवत नाही मला. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. रोज तेवढंच भरतं. अकरा."

"तीन," मी म्हणालो.

तोंडातून निसटलं. गणित चुकलं की माणूस दुरुस्त करतो तसं.

"तीन," वहिनी म्हणाली. "म्हणजे तुम्हीही मोजलंत."

मी दादाचं घड्याळ उचललं आणि परत खाली ठेवलं.

"अकरा म्हणजे अर्धं काज होतं माझं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "अकरा मोजेपर्यंत तुम्ही काय करत होतात?"

"विचारत होतो."

"कुणाला?"

"मुकादमाला. नियम आहे तसा. पाटी आहे खांबावर."

"आणि हे? हे काही म्हणाले?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. पण मला उत्तर द्यायची सवय आहे. कुणी विचारलं की मी देतो.

"काप म्हणाला."

वहिनीने डोळे मिटले. मग उघडले.

"मग विचारून झालंच होतं की, भाऊजी. ज्याच्या छातीवर दोर होता त्याने सांगितलं होतं. आणखी कुणाची परवानगी हवी होती?"

तिने चाकू मिटला, ठप्प, आणि घड्याळाशेजारी ठेवला. मी उठलो.

"मी जाऊ का?" मी म्हणालो.

"कुठे?"

ते मला माहीत नव्हतं.

"जेवून घ्या," ती म्हणाली आणि ताट वाढायला उठली. रोजच्यासारखं आधी माझं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टा बांधला. नियम होता म्हणून चाकू लावला. काम तर सुटलं नव्हतं. वहिनी टेबलापाशी बसून तयार काजांचे उरलेले धागे कापत होती. हातात लहान कात्री. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी डबा घ्यायला आत आलो आणि आतल्या खोलीच्या चौकटीशी थांबलो.

टक.

मी मुठीला हात लावला नव्हता. आणि त्याच क्षणी पाठ चौकटीला टेकली. मी टेकवली नव्हती. छातीवरून काहीतरी आडवं आलं. बघितलं तर काही नव्हतं. सदरा होता, बटणं होती. पण सदऱ्याला छातीच्या मधोमध एक घडी पडली होती, सरळ, या काखेपासून त्या काखेपर्यंत, आणि ती खोल जात होती. एक बटण तुटून जमिनीवर घरंगळलं. हवा बाहेर गेली ती परत आत येईना.

हात कमरेला गेला. चाकू निघाला. हातात मूठ आली, आखूड, दोन्ही टोकांना बंद. पातं नव्हतं.

वहिनीने मान वर केली. तिला दिसलं. मला माहीत आहे की दिसलं, कारण तिची नजर माझ्या चेहऱ्यावर आलीच नाही. ती माझ्या छातीवरून आडवी गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जशी ताणलेल्या वस्तूवरून जाते. कात्री तिच्या हातात उघडीच होती. आमच्यात दोन हातांचं अंतर.

"काप," मी म्हणालो.

ओरडायचं होतं. पण आवाज तेवढाच निघाला, मीठ मागावं तसा.

वहिनी उठली. कात्री घेऊन जवळ आली, वीतभर अंतरावर आली, आणि थांबली. मग तिने तोंड फिरवलं आणि खिडकीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. दादाच्या. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे फक्त कुणाच्या तरी मानेकडे लागलेलं लक्ष होतं. मी केबिनकडे पाहिलं तेव्हा माझा चेहरा असाच दिसला असणार. तिचे ओठ हलत होते. चार. पाच. सहा. डोळ्यांपुढे पिवळं झालं. मी मनात म्हणत होतो, हो म्हण रे दादा, हो म्हण. नऊ. दहा.

अकराला खुर्ची कुरकुरली.

वहिनीने रिकाम्या हवेत कात्री चालवली. काहीतरी सुटलं. मी गुडघ्यांवर पडलो आणि माशासारखा हवा गिळत राहिलो. कमरेपाशी वाजलं, ठप्प. हातात चाकू होता, चार बोटं पात्याचा, लख्ख.

तिने वाकून जमिनीवरचं बटण उचललं.

"संध्याकाळी लावून देते," ती म्हणाली. "डबा घ्या. उशीर होईल."

याला नऊ दिवस झाले. मी घर सोडलेलं नाही. सोडू का म्हणून विचारायला मला माणूस उरलेला नाही. वहिनी चांगली वागते, सदऱ्याची बटणं पक्क्या दोऱ्याने लावते, ताट आधी माझं वाढते. माझ्या दिराने जिवाचं रान केलं हे मात्र ती आता कुणाला सांगत नाही. रोज सकाळी मी चौकटीशी उभा राहतो, ती कात्री घेऊन जवळ येते आणि खुर्चीकडे बघते. आठ दिवस अकरालाच सुटलं.

काल तिने बारापर्यंत मोजलं.